नावापुरती जबाबदार

त्या घरात थोरलीला कुणी काही विचारत नसे. किल्ल्या कुठे ठेवल्या, बिलं गेली का, पाण्याची मोटर कुणी बंद केली, एवढेच प्रश्न तिच्या वाट्याला यायचे. म्हणून रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर आप्पांनी तिला हाक मारली आणि चक्क समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, गाद्यांची कव्हरं धुऊन, इस्त्री करून देणारी मोठी लॉन्ड्री त्यांनी शून्यातून उभी केली होती, आणि हे ते कुणालाही विसरू देत नसत. लॉन्ड्री चालवायचा धाकटा मुलगा. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, माल आणणाऱ्या-पोचवणाऱ्या गाड्या बघायचा. थोरली वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बसून बिलं आणि पगार करायची. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिला नावाने हाक मारायचे; धाकटी जाऊ आली तशी ती नुसती थोरली झाली.

आप्पांनी सांगितलं ते थोडक्यात असं. कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा कायदा बदलला होता. आता प्रत्येक कंपनीने आपल्यातला एक माणूस जबाबदार म्हणून नेमायचा, त्याचं नाव सरकारात कळवायचं. उद्या कुणा कामगाराला इजा झाली आणि त्यात हलगर्जी निघाली, तर कोर्टात तो माणूस उभा राहणार, वेळ पडली तर तुरुंगातही तोच जाणार. आदल्या दिवशी चकचकीत बुटांचा एक सल्लागार येऊन हे सगळं समजावून गेला होता.

"नावापुरतं आहे गं," आप्पा म्हणाले. "काम सगळं धाकटा बघेलच. तुझी फक्त सही."

"मग भाऊजींचंच नाव का नको?"

धाकटा सुरीने सफरचंदाची सालं काढत होता. त्याने मान वर केली नाही. "मला आत टाकलं तर लॉन्ड्री कोण चालवणार, वहिनी?"

थोरली आत गेली तर काय बंद पडेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. जाऊ सफरचंदाच्या फोडी बशीत लावत होती. थोरलीच्या नवऱ्याने सकाळी वाचून संपवलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं आणि त्यात तोंड घातलं.

तिला सगळं लख्ख कळलं. मुलाचं नाव म्हणजे घराचं नाव, त्याला डाग लागता कामा नये. सून बाहेरून आलेली, वेळ आली तर बाहेर जाईल. ती म्हणाली, कायदा वाचते आणि मग सही करते. आप्पा हसले आणि म्हणाले, खुशाल वाच.

तिने तो ऑफिसात बसून आठवडाभर वाचला. वाचताना झोप येईल असाच मजकूर होता, पण एका कलमापाशी ती थबकली आणि ते तिने पुन्हा पुन्हा वाचलं. जबाबदार माणसाला एखादं यंत्र धोक्याचं वाटलं तर ते त्याने बंद करावं, आणि त्याने हो म्हणेपर्यंत ते कुणीही, अगदी मालकानेही, चालू करू नये. हे सल्लागाराने आप्पांना सांगितलं नव्हतं. त्याला सूचनांचे बोर्ड आणि हेल्मेटं विकायची होती.

थोरलीने सही केली. खरं सांगायचं तर त्या वेळी तिच्या डोक्यात कामगारबिमगार कुणी नव्हतं. इतकी वर्षं सगळं गिळत आलेल्या बाईच्या हातात घरच्यांनीच चुकून सुरी दिली होती. तिची धार बघायची तिला घाई झाली होती.

सल्लागाराने आपलं काम झटपट आटोपलं. जिन्यात, दारात, न्हाणीघरात बोर्ड लागले. हेल्मेटांचे खोके आले. चादरी धुणाऱ्या बायकांना पिवळी हेल्मेटं घालून रांगेत उभं केलं, फोटो काढले आणि हेल्मेटं पुन्हा खोक्यात गेली. त्या रांगेतून कुणीतरी विचारलं, इथे डोक्यावर पडणार काय, उशी? बायका हसल्या. धाकट्याने डोळे वटारले तशा गप्प झाल्या. सल्लागार म्हणाला, झालं, कंपनी नव्या कायद्यात बसली.

दुसऱ्या दिवशी थोरली खाली उतरली.

ऑफिस आणि इस्त्रीखाना यांच्यामध्ये एकच जिना होता, पण कामासाठी म्हणून ती तो कधी उतरलीच नव्हती. खाली पाऊल टाकल्याबरोबर ओल्या कापडाचा आणि ब्लीचचा वास नाकात बसला. एका बाजूला धुण्याची यंत्रं पोटात ढवळल्यासारखी गुरगुरत होती. मधल्या लादीवर ओल्या चादरींची गाठोडी. आणि पलीकडे भिंतभर लांबीचा इस्त्रीचा रोलर. दोन बायकांनी ओली चादर कोपऱ्यांना धरून ताणायची, सरकत्या पट्ट्यावर सोडायची. तापलेले रोलर ती आत ओढून घ्यायचे आणि पलीकडे कोरडी, सपाट चादर बाहेर यायची. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. हात फार आत गेला की तो दांडीला लागावा आणि यंत्र जागच्या जागी थांबावं, यासाठी ती बसवलेली. फाटक्या चादरीच्या चिंधीने कुणीतरी ती वर करकचून बांधून टाकली होती.

"हे कुणी बांधलं?"

बायका चादरी सोडत राहिल्या. उत्तर दिलं ते सगळ्यांत जुन्या बाईने. तिला सगळे मावशी म्हणत. कुणाची मावशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "बांधलेलीच असते," ती म्हणाली. "सोडली की सारखी हाताला लागते, मशीन थांबतं. मशीन थांबलं की धाकटे साहेब येतात."

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती आणि त्यांवरची कातडी मेणासारखी चकाकत होती. थोरलीने विचारलं, हे कसं झालं.

"घरी गॅसवर भाजलं."

"खरं सांगा."

"खरंच सांगतेय. तेव्हा मला हेच सांगायला सांगितलं होतं," मावशी म्हणाली आणि तिने पुढची चादर उचलली.

थोरलीने चिंधी सोडली. ती जिना चढून वर पोचते तोवर धाकट्याने ती परत बांधली होती. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली गेली. दोन-तीन दिवस हा खेळ चालला. मग थोरलीने यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला गाठलं. त्याने आढेवेढे घेत सांगितलं, दांडीत काही बिघाड नाही. धाकट्या साहेबांनी रोलरचा वेग वाढवून घेतलाय. त्या वेगाला कोपरे पकडायचे तर बायकांना वाकून आत जावं लागतं, म्हणून बोटं दांडीला लागतात. वेग पहिल्यासारखा केला तर दांडी कुणाच्या आड येणार नाही.

ती बाजारातून एक जाडजूड कुलूप घेऊन आली. सकाळी बायका कामावर यायच्या आत तिने रोलरचा मुख्य खटका खाली ओढला आणि त्याला कुलूप घातलं.

धाकटा वर ऑफिसात आला तो जिन्यावर पाय आपटतच.

"कुलूप काढा, वहिनी."

"वेग कमी करताय का?"

"संध्याकाळी रुग्णालयात माल गेला पाहिजे. चादरी तुम्ही पोचवणार का डोक्यावरून?"

"वेग कमी करा, दांडी मोकळी ठेवा. लगेच काढते."

"रोलर कशाशी खातात हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही. पण आत जायची वेळ आली तर मी जाणार आहे, एवढं माहीत आहे."

त्याने टेबलावरची फाईल उचलून खाली आदळली आणि तो निघून गेला. खाली जाऊन त्याने बायकांना सांगितलं, मॅडमनी मशीन बंद केलंय, घरी जा, आजचा पगार त्यांच्याकडे मागा.

बायका घरी गेल्या नाहीत. सगळ्या जिना चढून वर आल्या आणि ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. त्या जिन्याला इतके ओले पाय कधी लागले नव्हते. थोरलीला आत कुठेतरी वाटत होतं की निदान या तरी आपल्याला चांगलं म्हणतील. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण मावशीने तिला बोलूच दिलं नाही.

"आमच्या बोटांचा पुळका आजच आला का?" ती म्हणाली. "इतकी वर्षं वर गार हवेत बसला होता, तेव्हा आम्ही खालीच होतो. तुमचं घरचं भांडण आहे, ते घरी भांडा. आमच्या पोटावर पाय देऊन नको."

थोरलीने सांगितलं, पगार कापला जाणार नाही, नवा कायदाच तसा आहे. धोक्याचं काम दिसलं तर तुम्ही स्वतः बाजूला होऊ शकता, त्याबद्दल कुणी तुम्हाला काढू शकत नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे धाकट्या साहेबांना सांगितलंत का? मग त्या सगळ्या निघून गेल्या. पगार मात्र थोरलीने कापला नाही. पगार तीच करत होती, तिने एवढंच केलं की पेन उचललं नाही. बायकांनी तो घेतला आणि आभार मानले नाहीत.

संध्याकाळपर्यंत ओढाताण होऊन धाकट्याने दोन दिवसांपुरता वेग कमी केला. थोरलीने कुलूप काढलं. दोन दिवस उलटले, वेग पुन्हा वाढला, कुलूप पुन्हा लागलं. रुग्णालयाचा माल उशिरा जाऊ लागला. बड्या हॉटेलाचा मॅनेजर फोनवर आप्पांना वाटेल ते बोलला. ते हॉटेल आप्पांच्या जुन्या मित्राचं. त्या संध्याकाळी आप्पा जेवले नाहीत.

घरात तर राहणंच नको झालं. जावेने फ्रिजचे कप्पे वाटून टाकले. थोरलीचा डबा भरून ठेवणं बंद झालं, तिच्या कपबश्या मोरीच्या कडेला वेगळ्या निघाल्या. धाकट्याच्या मुलांनी काकूच्या खोलीत जायचं नाही असा हुकूम सुटला. आप्पा तिच्याशी थेट बोलेनासे झाले. ती समोर उभी असताना ते भिंतीकडे बघून म्हणत, कुणीतरी थोरलीला सांगा, घरचं भांडण कारखान्यात नेऊ नये म्हणून. थोरलीही काही कमी नव्हती. तीही भिंतीलाच सांगे, कुणीतरी आप्पांना सांगा, सही मागायला मी गेले नव्हते.

तिचं नाव काढून टाकायचं असं त्यांनी ठरवलंही. पण सल्लागाराने मान हलवली. नाव बदललं तर कारण कळवावं लागतं, कारण कळवलं की तपासणीला माणूस येतो, आणि माणूस आला की तो फक्त बोर्ड बघून जात नाही. तिने आपण होऊन सोडलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा मग तिच्या नवऱ्याला पुढे केलं.

तो बिचारा तिला गाडीतून बँकेत नेताना सिग्नलला म्हणाला, "सोडून दे ना. कशाला उगाच?"

"तुमचं नाव घालायचं का मग?"

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी त्याच्या ते लक्षात आलं नाही. बँकेशी गाडीतून उतरताना थोरलीला त्याचा जेवढा राग आला तेवढा धाकट्याचाही कधी आला नव्हता.

नव्या कायद्याप्रमाणे जबाबदार माणसाला सरकारी प्रशिक्षणाला जावं लागे. रोलरला कुलूप घालून थोरली गेली, त्याच दिवशी धाकट्याने डाव साधला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन वाजला. नवरा होता. आवाज इतका हळू, की शेजारी कुणीतरी असावं.

"ये," तो म्हणाला. "त्याने कुलूप तोडलंय."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. लग्न झाल्यापासून त्याने आपण होऊन तिची बाजू घेतली ती एवढीच, आणि तीही कुजबुजून. ती प्रशिक्षण तसंच टाकून निघाली.

इस्त्रीखान्याच्या दारातच तिला थांबावं लागलं, कारण आतलं दृश्य तिच्या अपेक्षेतलं नव्हतं. रोलर पूर्ण वेगात फिरत होता. दांडी चिंधीने बांधलेली. आणि रोलरसमोर धाकटा एकटा उभा होता. बायका लादीवरच्या गाठोड्यांवर ओळीने बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

काय झालं होतं ते तिला दारातल्या गाठोडी ओढणाऱ्या पोरीने सांगितलं. साहेबांनी कुलूप कापलं, दांडी बांधली आणि बायकांना उभं राहायला सांगितलं. मावशी म्हणाली, हे काम धोक्याचं आहे, आम्ही बाजूला होतो. साहेब म्हणाले, धोका वगैरे काही नाही, सगळी नाटकं आहेत. मावशी म्हणाली, मग आधी तुम्ही करून दाखवा.

आणि तो हट्टाला पेटून दाखवत होता. चादरीचे दोन्ही कोपरे एकट्याच्या हातात मावत नव्हते. एक ताणला की दुसरा गोळा व्हायचा, तो सोडवायला तो आत वाकायचा, रोलर घास ओढावा तशी चादर ओढून न्यायचा. पलीकडून चुरगळलेल्या, दुमडीवर करपलेल्या चादरी बाहेर पडत होत्या. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता. हाताला काही झालं नव्हतं. तासभर तरी तो असाच उभा होता म्हणे, आणि त्याला साधा चटकासुद्धा बसला नव्हता. एक चादर पलीकडून गुंडाळी होऊन आली तेव्हा गाठोड्यावरची कुणीतरी हसली. मग दुसरी हसली.

धाकटा वळून काहीतरी ओरडला. ओरडतानाही हात चालूच होते. नजर बायकांवर आणि बोटं पट्ट्यावर, रोलरच्या तोंडाकडे सरकणारी.

त्या क्षणी थोरलीच्या मनात जे आलं ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, ओढू दे.

सफरचंद सोलणारे तेच हात. ओढू दे एकदा, मग बघू आत कोण जातं. किती गोड वाटलं तिला ते. आणि त्याच्या मागोमाग अंगावर काटा आला. आपण इथे उभ्या राहून काय बघतोय हे तिला कळलं. ती पळत गेली आणि तिने यंत्राच्या कडेचं लाल बटण तळहाताने दाबलं.

रोलर कण्हत थांबला. त्या खोलीत एवढी शांतता कुणी ऐकली नव्हती.

"हात काढा, भाऊजी."

धाकट्याने हातांकडे पाहिलं. बोटं रोलरच्या इतकी जवळ होती की त्याने ती झटक्यात मागे ओढली. त्याचा रंग उतरला. मग बायका बघताहेत हे लक्षात आल्याबरोबर तो परत चढला.

"चालू करा मशीन. काही झालं नव्हतं."

"झालं नव्हतं, हे खरं आहे," थोरली म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "आप्पांना बोलवा."

आप्पा खाली आले ते वरच्या आवाजात, पण त्यांना थोरलीने कित्येक दिवसांनी भिंतीमार्फत नाही, तोंडावर सांगितलं. नेमलेल्या माणसाने बंद केलेलं यंत्र घरच्यांनी कुलूप तोडून चालू केलं, तर त्या माणसाची जबाबदारी तिथे संपते आणि मालकाच्या अंगावर येते. कायद्यात आहे. आता इथे कुणाचा हात गेला तर कोर्टात तुम्ही उभे राहणार, आप्पा. तुमचं नाव.

आप्पांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिथूनच सल्लागाराला फोन लावला. तो पलीकडून काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही, पण आप्पा "हं", "हं" करता करता शेजारच्या गाठोड्यावर बसले. तिथे बसलेली बाई उठून दुसरीकडे गेली. समोरच्या ढिगातली एक करपलेली चादर त्यांनी उचलून पाहिली.

"वेग कमी करा," ते म्हणाले.

"आप्पा, मग हॉटेलचा माल..."

"हॉटेल सोड. मी बोलतो त्याच्याशी."

आप्पा बदलले नव्हते. ते घाबरले होते. कायद्याला तेवढं पुरतं.

धाकटा बापाकडे असा बघत राहिला, जणू भर वस्तीत कुणीतरी त्याच्या कानफटात मारली होती. मग त्याने चिंधी स्वतःच्या हाताने सोडली, चुरगळून जमिनीवर फेकली आणि तो बाहेर पडला.

थोरली मावशीकडे वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं. कदाचित आभारच मानायचे असतील.

"तुमच्यासाठी नाही थांबलो आम्ही," मावशी म्हणाली. "पगार कापला नाहीत म्हणून वाटलं, कलम खरं असेल. तेवढंच बघायचं होतं." आणि तिने बायकांना उठायची खूण केली.

पुढे व्हायचं ते झालं. धाकटा घरातून वेगळा निघाला. सोडून दिलेलं हॉटेल त्यानेच धरलं, पलीकडच्या भागात भाड्याची जागा घेतली, कुठूनतरी जुना रोलर आणला आणि आपली लॉन्ड्री थाटली. तीन-चार तरण्या बायका जास्त पैशांसाठी त्याच्याकडे गेल्या. थोरलीने त्यांना थांबायला सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. तिकडे जबाबदार माणूस म्हणून त्याने आपल्या बायकोचं नाव कळवलं. जावेचा एकदा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, त्या सहीचं नेमकं काय असतं हो? थोरलीला हसू आलं, आणि त्या हसण्यात चांगुलपणा नव्हता. पण तिने सांगितलं. कायदा वाच म्हणाली, यंत्र बंद करायचं कलम नीट वाच, आणि फोन ठेवला. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

आप्पांनी लॉन्ड्री थोरलीच्या हातात दिली, म्हणजे देण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नव्हतं. ते सकाळी येऊन वर्तमानपत्र घेऊन बसत आणि तिने काही विचारलं तर म्हणत, तुझा कायदा काय म्हणतो? नवऱ्याच्या गाड्या चालूच होत्या. रोलर हळू फिरायचा, दांडी मोकळी असायची, काम निघायला वेळ लागायचा. थोरलीने दोन पाळ्या लावल्या, रुग्णालयाकडून दर वाढवून घेतला. कधी महिना धड जायचा, कधी ओढाताण व्हायची.

कायद्याने कामगारांची समिती करायला लावली होती. बायकांनी मावशीला निवडून दिलं, समोर कुणी उभंच राहिलं नाही. महिन्यातून एकदा मावशी जिना चढून वर यायची, खुर्ची देऊ केली तरी उभी राहायची, आणि थोरलीशी भांडायची. पहिल्यांदा हातमोजे, मग घसरणारी लादी, मग बॉयलरचं दार. एकदा ती म्हणाली, इस्त्रीखान्यातली गरमी कायद्यात बसत नाही. वर हवा ओढणारे पंखे पाहिजेत.

"या वर्षी जमणार नाही," थोरली म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. शब्द आप्पांचे होते. इतकंच नाही, तिला मावशीचा रागही अगदी आप्पांसारखा आला होता. हिला काय जातंय सांगायला, असा.

"दुपारी खाली या," मावशी म्हणाली. "आमच्याबरोबर उभ्या राहा. मग सांगा जमत नाही म्हणून."

थोरली गेली. नाही म्हणायची सोय नव्हती, सगळ्या बघत होत्या. तिला कोपरा धरता येईना. मावशीने शिकवलं नाही, नुसत्या कोपराने तिचा हात बाजूला सारला आणि स्वतः कसं धरते ते करून दाखवलं. रोलरची धग चेहऱ्यावर यायची ती भट्टीचं दार उघडल्यासारखी, आणि ते दार मिटायचंच नाही. ओल्या चादरीतून वाफ निघून नाकातोंडात जायची. घाम डोळ्यांत उतरायचा, आणि पुसायला हात मोकळा नसायचा. कामाचं सोडा, नुसतं उभं राहणंच तिला कठीण झालं. दुपार कलली तशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती गाठोड्यावर बसली. कुणी पाणी आणून दिलं नाही. कुणाचे हात थांबलेही नाहीत. थोड्या वेळाने तीच उठली, नळाखाली ओंजळ धरून प्याली, डोक्यावर पाणी मारून घेतलं आणि तशाच ओल्या केसांनी वर जाऊन पंखेवाल्याला फोन केला.

पुढच्या आठवड्यात फिटर आला. पंखे लागले तेव्हा मावशी खाली उभी राहून, मान वर करून एकेक बघत होती. बघून झाल्यावर म्हणाली, तिसरा चुकीच्या जागी लावलाय, तिथे वाफ जातच नाही.

फिटरने शिडी आवरायला घेतली होती. त्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मावशीकडे पाहिलं नाही. तिने फिटरला शिडी पुन्हा लावायला सांगितली.